न भरायचे पिंप

मी एक जुने पिंप आहे. ओकच्या लाकडाचे, दोनशे अठ्ठावीस लिटरचे. लोखंडी पट्ट्या गंजून तपकिरी झाल्या आहेत आणि उजव्या बाजूची एक फळी दोनदा बदललेली आहे. मित्रांनो, माझ्या पोटात वाइन असते. तिची चव कशी लागते हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. ते मोठ्यांचे काम. मला तुम्हाला वेगळेच सांगायचे आहे, आणि तेही थोडक्यात, कारण मी दमले आहे.

माझा जन्म १९६० साली फ्रान्समधल्या बर्गंडीत झाला. पिंपे बांधणारा कारागीर फळ्या उभ्या करून मध्ये आग पेटवी आणि लाकूड तापून वाकू लागले की पट्ट्या ठोकून बसवी. खिळा नाही, डिंक नाही. नुसत्या एकमेकींना दाबून धरलेल्या फळ्या. त्या दाबाची सवय व्हायला मला वर्ष लागले.

ज्या घराने मला विकत घेतले तिथे दर सोमवारी मालकीणबाई लांब चोचीची झारी घेऊन येत. लाकूड थोडी वाइन पिते, हवाही थोडी नेते. आठवड्यात जेवढे कमी झाले असेल तेवढे त्या वरून भरत, अगदी तोंडापर्यंत. बूच काढल्यावर वाइनचा थेंब कडेवर डोलला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. वर रिकामी जागा राहिलेले पिंप म्हणजे आळशी घराचे पिंप. शेजारच्या घरात तसे एक सापडले तेव्हा मालकीणबाई त्या घराशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

आठ वर्षांनी त्यांना नव्या लाकडाचा वास हवासा वाटू लागला. मला एका ट्रकवर चढवले. सपाट मुलूख ओलांडून, चढ चढून, मी जुराच्या डोंगराखालच्या एका गावात आले. तिथे मला उतरवून घेणारा माणूस तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याचे नाव क्लोविस. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी तिथे द्राक्षे लावलेली होती. त्याने मला पोकळ पोटावर थाप मारून पाहिले आणि म्हणाला, "बर्गंडीकर, इथं तुझे लाड होणार नाहीत."

खरेच झाले नाहीत. त्या शरदात त्याने मला भरले, पण वर चार बोटे जागा मोकळी ठेवली. बूच बसवले आणि निघून गेला. मी वाट पाहिली. एक सोमवार गेला, दुसरा गेला, दहा गेले. झारी आलीच नाही. पोटातली वाइन हळूहळू खाली उतरत होती आणि मला वाटले, या लोकांनी मला टाकून दिले.

मग दुसऱ्या वर्षी वाइनवर साय धरू लागली. तापवून ठेवलेल्या दुधावर धरते तशी, पण पातळ आणि करडी. ती साय वाइन आणि हवा यांच्या मधे पडून राहते आणि खालची वाइन हळूहळू पिवळी होते, तिला अक्रोडाचा वास लागतो. सहा वर्षे आणि तीन महिने. एवढ्या काळात वरून एक थेंबही घालायचा नाही, हा इथला नियम आहे आणि कायदाही. साय फाटली की सगळे वाया. तेव्हा मला कळले, की क्लोविस येत नव्हता हेच त्याचे काम होते. सात वेळा मी त्याला पिवळी वाइन दिली. माझ्याबद्दल तो कधी चांगले बोलला नाही, पण सातव्या वेळी त्याने रिकामा पेलाही पुन्हा पुन्हा हुंगला होता.

या घरात न भरायच्या पिंपाची खूण खडूने काढलेली फुली. फुलीची सगळी पिंपे माळ्यावर असत, कारण सायीला तिथले ऊन-गारठ्याचे चढउतार मानवतात. साधी पांढरी वाइन खाली तळघरात असे. तिच्या पिंपांवर खूण नसे आणि ती दर आठवड्याला भरली जात.

नंतर पाहुणे यायला लागले. आधी एखादे जोडपे, मग गाड्या, मग बस. जुनी घराणी पाहत गावोगाव फिरायचे, सकाळी तीन घरे, दुपारी दोन. क्लोविसची मुलगी मारिलेन त्यांना तळघर दाखवी. तीच वाक्ये, त्याच क्रमाने, त्याच जागी हसून. शेवटी अंगणात कोंते चीजचे तुकडे आणि अक्रोड. क्लोविस मागे उभा राहून पुटपुटत असे.

"बाबा, पाहुण्यांसमोर पुटपुटू नका हो."

"पाहुणे? पाहुणा बोलावल्यावर येतो. हे बसमधून सांडतात."

"सांडू देत. त्यांच्यामुळेच छपराची कौलं बदलली."

"कौलं बदलली, आता डोकं बदलायची वेळ आलीय," असे म्हणून तो निघून जाई.

२०१७ च्या वसंतात एका रात्रीच्या गारठ्याने कोंब जळाले. त्या वर्षी पिवळीसाठी लागणाऱ्या, उशिरा पिकणाऱ्या पांढऱ्या द्राक्षांचा रस एका पिंपापुरताच निघाला. ते पिंप मी. क्लोविसचे गुडघे तेव्हा कुरकुरू लागले होते. माळ्याचा जिना त्याला जमेना. आणि हे एकुलते एक पिंप त्याला रोज डोळ्यांसमोर हवे होते. म्हणून त्याने मला तळघरात दाराजवळच्या रांगेत, चार साध्या पिंपांच्या शेवटी ठेवले. माझ्या समोरच्या गोल बाजूवर मोठी फुली काढली आणि मुलीला बजावले, "कोणतं पिंप ते बसवाल्यांना सांगायचं नाही. वाजवून बघतील."

मारिलेन पाळत होती. गारठ्याच्या वर्षाची गोष्ट सांगताना ती नुसता हात हवेत फिरवी. पण दाराजवळ उजेड चांगला असतो. मित्रांनो, चार उन्हाळे लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. खांदा टेकवत, पाठ टेकवत, एकाने तर मूल बसवले. प्रत्येक कोटाला, प्रत्येक सदऱ्याला थोडा खडू लागला. फुलीची एक रेघ पुसून गेली. दुसरी उरली.

२०२२ च्या मार्चमध्ये मारिलेनचा नवरा ब्लेझ कायमचा इथे राहायला आला. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पण तो आपल्या वडिलांच्या द्राक्षमळ्यात काम करत असे, बर्गंडीत. कष्टाळू माणूस. क्लोविस त्याला समोरासमोर 'जावईबापू' म्हणे आणि त्या शब्दात किती आदर होता हे सगळ्यांना कळत असे. एप्रिलमध्ये क्लोविसच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे तो दवाखान्यात. जाताना मारिलेनला एवढेच म्हणाला, "माझ्या माघारी काही बिघडवू नका." पाहिले मात्र ब्लेझकडे.

त्या आठवड्यात रोज बस होती. मारिलेनने नवऱ्याला धावता धावता सांगितले, "दाराजवळची रांग भरून घे. फुली असेल त्याला हात लावू नकोस."

तो झारी घेऊन आला. चार पिंपे भरून माझ्यापाशी थांबला. माझ्यावर त्याला एक तिरकी रेघ दिसली. आणि त्याच्या वडिलांच्या तळघरात एका तिरक्या रेघेचा अर्थ होता: कमी आहे, भरा.

त्याने बूच काढून आत बोट घातले. बोट कोरडेच निघाले. तो हळहळला. "अरे अरे," तो माझ्याशीच बोलू लागला, "किती दुर्लक्ष केलंय तुझ्याकडे. आमच्याकडे असं पिंप सापडलं असतं तर आईनं मला घराबाहेर काढलं असतं. म्हातारा दुसऱ्याला नावं ठेवतो, आणि स्वतः बघ."

खोटे कशाला बोलू? पहिली झारी पोटात उतरली तेव्हा मला बरे वाटले. चोपन्न वर्षांनी कुणीतरी मला भरत होते. मग साय हलली. दुसऱ्या झारीला ती मधोमध फाटली. मला ओरडता येत नाही. मला फक्त धरून ठेवता येते किंवा गळता येते, आणि माझ्या फळ्या त्या दिवशी घट्ट होत्या. तिसरी, चौथी, पाचवी. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण तो थांबला नाही. भरायला घेतलेले अर्ध्यावर सोडायचे त्याला शिकवलेलेच नव्हते. चाळीस लिटर गेल्यावर वाइन तोंडाशी आली. तिच्याबरोबर सायीचे करडे तुकडे वर आले आणि अक्रोडाचा वास आला.

ब्लेझने झारी खाली ठेवली. खिशातून विजेरी काढून माझ्या समोरच्या बाजूवर धरली. उजेड आडवा पडला तेव्हा पुसलेल्या रेघेचा माग दिसला. तो जमिनीवरच बसला.

मारिलेनला त्याने संध्याकाळी सांगितले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग हात काढून ती भराभर बोलू लागली. "ऐक. घातली तेवढी काढून घे. साय परत धरेल. दीड वर्षच राहिलंय. बाबांना सांगायचं नाही, गुडघा बरा होईपर्यंत तरी नाही. आणि नंतरही कशाला? कुणाला कळणार आहे?"

"तुझ्या बाबांना कळेल."

"त्यांची जीभ आता पूर्वीची राहिली नाही."

 ब्लेझने वाइन काढून घेतली नाही आणि कुणाला काही सांगितलेही नाही. दोन आठवडे तो तळघरात आला की माझ्याकडे पाठ करून काम करी. या घरात त्याला जागा मिळायची होती ती आता मिळणार नाही, हे त्याच्या पाठीवरून दिसत होते.

शनिवारी क्लोविस घरी आला. अंगणात बस उभी होती. अठरा माणसे तळघरात मारिलेनची वाक्ये ऐकत होती. काठी टेकत तो गर्दीतून सरळ माझ्यापाशी आला. माझ्या समोरच्या बाजूला, मधल्या उंचीवर, एक लहानशी तोटी आहे. वर्षातून एकदा तिच्यातून तो घोटभर वाइन काढून पाही, म्हणजे वरची साय हलत नाही. त्याने पेला तोटीखाली धरला.

"बाबा, थांबा," ब्लेझ म्हणाला. "मी हे पिंप भरलं."

"म्हणजे?"

"तोंडापर्यंत. मला एकच रेघ दिसली. आमच्याकडे एका रेघेला भरतात."

मारिलेनचे वाक्य अर्ध्यात तुटले. अठरा माणसांना काही कळले नव्हते, पण तीही वळून पाहू लागली. क्लोविसने तोटी सोडली. पेल्यात पडले ते त्याने हुंगले, तोंडात घोळवले आणि गिळले.

"चांगली पांढरी वाइन आहे," तो म्हणाला.

"दीड वर्षात साय परत..." मारिलेनने सुरुवात केली.

"धरेलही. पण पिवळी म्हणायचं नाही हिला. गारठ्याच्या वर्षाची पिवळी आपल्याकडे नाही, बस्स." तो पाहुण्यांकडे वळला. "या, पेले आणा. एवढ्या लांबून आलात. ही आता ठेवून उपयोग नाही." आणि पाच वर्षे जपलेली ती वाइन त्याने स्वतःच्या हाताने अठराजणांना घोटघोटभर दिली. एक बाई म्हणाल्या, फारच छान आहे. क्लोविसने मान डोलावली.

बस गेल्यावर तो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. ब्लेझ समोर उभा होता. तो म्हणाला, "मी जायची तयारी ठेवलीय, बाबा."

"कुठं?"

"घरी. बर्गंडीला."

"तिथं जाऊन काय सांगशील, अपुरं पिंप भरलं म्हणून हाकललं? तुझी आई मलाच नावं ठेवील." त्याने काठीने माझ्याकडे दाखवले. "ही फुली कुणी काढली होती?"

"तुम्ही."

"कधी?"

ब्लेझ वळून उरलेल्या रेघेकडे पाहू लागला.

"पाच वर्षांपूर्वी. एकदा काढली ती काढली. रोज हिच्यासमोरून गेलो, पण रेघ उरलीय की पुसलीय ते वाकून एकदा पाहिलं नाही. हात लावायचा नाही म्हणजे डोळेही मिटायचे असं माझ्या बापानं सांगितलं नव्हतं." मग त्याने हात पुढे केला, "उठव मला, ब्लेझ. गुडघा धरलाय." त्याने त्याला नावाने हाक मारली ती ही पहिली.

शरदात माझ्यातली उरलीसुरली पांढरी वाइन काढून टाकली, मला गरम पाण्याने धुतले आणि दोरांनी ओढून माळ्यावर नेले. नवा रस आला. ब्लेझ ओतत होता. क्लोविस जिन्याखाली उभा राहून ओरडत होता.

"किती राहिली?"

"चार बोटं, बाबा."

"तुझी की माझी? तुझी जाड आहेत."

"तुमची धरली."

"मग थांब."

ब्लेझने झारी थांबवली. थांबताना त्याच्या हाताला किती जड गेले हे मला कळले. इथल्या पहिल्या वर्षी, झारीची वाट पाहताना, माझेही तसेच झाले होते. मग त्याने बूच बसवून फुली काढली, खडू दाबून.

ही वाइन २०२८ च्या डिसेंबरात निघेल. तेव्हा क्लोविस चौऱ्याऐंशी वर्षांचा असेल. त्याची बोटे तिथे असतील की नाही, सांगता येत नाही. माझ्या फळ्यांचेही सांगता येत नाही.

मित्रांनो, कधी आमच्या गावी आलात तर माळ्याच्या दारात उभे राहा आणि तिथूनच पाहा. टेकू नका, वाजवू नका, मला काही नकोय. तुमच्या घरीही असे कुणीतरी असेल, ज्याला मुकाट्याने आपले काम करू द्यावे लागते. त्याच्या कामात हात घालू नका. पण येता-जाता त्याच्याकडे एकदा नीट पाहत जा. मी दमले आहे, आणि अजून बरीच वर्षे मला हे धरून ठेवायचे आहे.