राहिलेला ळ

वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची अक्षरं ढेरपोटी, जाड मानेची, लांबूनच हाक मारणारी. दुकानाच्या माथ्यावर ती शोभून दिसत. बारीक मजकुरात घातली की एकमेकांच्या अंगावर पडत. ते गेल्यावर मुलीनं गावभर फिरून उरलेल्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर कॉम्प्युटरवर गिरवलं आणि त्यांचा फॉन्ट केला. ळ तेवढा कुठल्याच पाटीवर मिळेना. मनानं काढायला हात धजेना, म्हणून तिनं ती जागा कोरी सोडली.

फॉन्ट पहिल्यांदा वापरला शेजारच्या छपाईवाल्यानं. त्यानं फोन केला, "ताई, फळवालीचा बोर्ड झकास आलाय. बघून जा."

"काय लिहिलंय?"

"ताजी फळे."

"अहो, पण त्यात ळ नाहीये!"

"नाहीये कसा? समोर दिसतोय की!"

ती तशीच धावत गेली. टेबलावर प्लॅस्टिकचा बोर्ड पसरला होता. ळची दोन्ही वेटोळी गुबगुबीत, आणि उजव्या वेटोळ्याला बाबांची ती हलकी गिरकी. तिनं फाइल उघडली. ळची चौकट रिकामीच होती.

तिनं आईला बोलावून आणलं. आईनं ळवर बोट टेकवलं. बोटाला लाल रंग लागला. बाकीची अक्षरं कोरडी ठणठणीत.

"ओला आहे गं," आई हळूच म्हणाली. "आणि कडा बघ. हात कापतोय त्यांचा."

खरंच, शेवटच्या दुखण्यात पेला धरतानाही हात असाच थरथरायचा.

"काम अर्धवट राहिलं की त्यांना घास जायचा नाही," आई म्हणाली. "तू जागा कोरी ठेवलीस, ते आले उठून."

"मग मी काय करू?"

"तू काढ. त्यांना बसू दे आता."

मुलीनं बाबांचा ब्रश घेतला. ते असताना तिला त्याला हात लावायची सोय नव्हती. ळ उतरला, पण रुंद, फताडा, बाबांसारखा मुळीच नाही.

"बेडूक बसल्यासारखा दिसतोय," आई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तोच ळ फॉन्टमध्ये गेला. नवा बोर्ड कोरडा निघाला, फळवालीनं तो लावलाही. जुन्या बोर्डावर ळच्या जागी आता काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात छपाईवाल्याचा पुन्हा फोन आला. "ताई, मशीन आपोआप सुरू झालं. अख्खा कागद ळनं भरलाय. तुम्हीच पाठवलंत ना?"

तिनं जाऊन पाहिलं. ओळीमागून ओळी, सगळे तिचेच फताडे ळ. वरचे थरथरते, घाबरलेले. खाली येता येता बाबांचा हात सावरत गेलेला. शेवटचा ळ अजून ओला होता.

"हो, मीच पाठवलं," ती म्हणाली, आणि रंग फिसकटू नये म्हणून कागद दोन्ही हातांवर आडवा धरून आईकडे निघाली.