साठाला दहा कमी

माझ्या सासऱ्यांचं नाव एल्यूबाय. हे मी इथे सरळ लिहिते आहे, कारण मला तशी परवानगी मिळालेली आहे. त्याआधी, लग्न झाल्यापासून थेट मुलगी कॉलेजात जाईपर्यंत, हे नाव माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. मी त्यांना अता, म्हणजे बाबा, म्हणत आले. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, इथवर ठीक आहे. पण त्या नावात जो शब्द असेल तोही ती घेत नाही. आमच्या भाषेत एल्यू म्हणजे पन्नास. सासरे जन्मले तेव्हा त्यांचे आजोबा पन्नाशीला टेकले होते, म्हणून घरच्यांनी फार डोकं न चालवता हे नाव ठेवून टाकलं. पुढे येणाऱ्या सुनेला बाजारहाट करायचा असतो, हे बारशाला जमलेल्या माणसांच्या कुठून लक्षात येणार?

अर्धं शंभर म्हणून वेळ मारून न्यावी, तर चुलत सासऱ्यांचं नाव ज्यूझबाय, आणि ज्यूझ म्हणजे शंभर. त्यामुळे तीही वाट बंद. शेवटी सासूबाईंनीच मला तोडगा शिकवला. "साठाला दहा कमी म्हणायचं," त्या म्हणाल्या. त्या स्वतःही तेच म्हणत, कारण नवऱ्याचं नाव त्यांनीही जन्मात घेतलं नव्हतं. मी माझ्या मुलीला आकडे शिकवले तेही याच पद्धतीने. चाळीसवर नऊ, मग साठाला दहा कमी, मग साठाला नऊ कमी. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं. मी खुलासा करू शकले नाही. खुलाशाला तोच शब्द लागतो.

तर गाडीचं. आमची गाडी जर्मन, माझ्या नवऱ्याने आणलेली. ती आणून तो सैबेरियात बांधकामावर निघून गेला, आणि गाडी, मेंढ्या आणि त्याचे वडील माझ्या गळ्यात पडले. या तिघांत मेंढ्या सगळ्यात कमी कुरकुरत. गाडीच्या काट्यावर एक लाख चाळीस हजार किलोमीटर दिसत होते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जर्मन गाडीवर साधारण तेवढेच दिसतात, आणि प्रत्येक गाडी एका म्हातारीची असते, जी फक्त रविवारी चर्चला जायची. मालक बदलला की काटा मागे फिरतो. आमची गाडी अशी किमान दोनदा तरुण झालेली होती.

तरुणाईचा परिणाम असा की ती निळा धूर सोडायची आणि घरातला चहा संपावा तसं तेल संपवायची. घाट चढून इंजिन तापलं आणि गाडी जरा थांबवली की समोर तेलाचा लाल दिवा मिचमिचायचा. एका हिवाळ्यात नेमकं तेच झालं. दोलोन घाटापलीकडे राहणारा असानकादिर वारला. तो सासऱ्यांच्या बरोबरीचा, त्यांचा जिवाभावाचा मित्र. दरवर्षी शरदात घाट ओलांडून यायचा आणि आमच्या अंगणाच्या कितीतरी आधी, रस्त्यावरूनच घोड्यावर बसल्या बसल्या ओरडायचा, "एल्यू! ए एल्यू!" अख्खं गाव बाहेर यायचं. दफनाला जायला म्हणून आम्ही निघालो, अर्ध्या घाटात लाल दिवा लागला, आणि आम्ही परत आलो. घरी आल्यावर सासरे एवढंच म्हणाले, "चहा दे." त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

आता असानकादिरच्या वर्षाचं जेवण आलं होतं. हेही चुकलं तर पुढे काही नव्हतं. मेलेल्या माणसासाठी घाट ओलांडायला माणसाला दोनच संधी मिळतात, आणि पहिली आमच्या गाडीने पिऊन टाकली होती.

तेलाच्या बाबतीत गावात मतांची टंचाई नव्हती. शेजारी म्हणाला, ट्रॅक्टरचं घाल, जाड असतं, धूर बसतो. त्याचा मेव्हणा म्हणाला, नवीन गाड्यांचं पातळ घाल, महागाचं आहे म्हणजे चांगलंच असणार. सासऱ्यांचं मत असं की सोव्हिएत काळात तेल एकच असायचं आणि गाड्या चालायच्या. शेवटी मी दोलोत मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याने झाकण उघडलं, तेलकांडी बाहेर काढून वास घेतला, काट्याकडे बघितलं आणि हसला. तो मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

"एजे, हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला?"

"काट्याने."

"काटा माणसाच्या हातात असतो. इंजिन स्वतःचं स्वतः मोजतं. हे साडेतीन लाखांच्या खाली नाही." त्याने कांडी पुसली. "पातळ तेल याच्या फटींतून पाण्यासारखं पळून जातं, म्हणून दिवा लागतो. ट्रॅक्टरचं घातलंत तर धूर बसेल, पण घाटाखालच्या थंडीत सकाळी ते मेंढीच्या शेपटीच्या चरबीसारखं गोठून बसेल, आणि इंजिन कोरडंच फिरेल. या वयात ते सोसायचं नाही."

"मग?"

"थंडीत पातळ राहील आणि तापल्यावर जाड राहील असं पाहिजे. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीचा, तो लहान हवा. दुसरा तापल्यावरचा, तो मोठा हवा. पाच-एल्यू आणा. लक्षात राहील ना?"

प्रश्न लक्षात राहण्याचा नव्हता.

कोचकोरच्या बाजारात नासिपा एजेचं तेलाचं दुकान आहे. दुकानामागे गाडी उभी करायचा खड्डाही आहे आणि तेल ती स्वतःच बदलते. तिला मी फोन केला. आमचा फोन बैठकीच्या खोलीत, आणि फोनशेजारी सासरे. त्यांना कमी ऐकू येतं, पण सुनेने काय बोलू नये ते नेमकं ऐकू येतं.

"नासिपा एजे, गाडीसाठी तेल पाठव. पाच... साठाला दहा कमी."

"पाच काय?"

"पाच. आणि पुढे साठाला दहा कमी."

"पाच लिटर दहा-साठ. बरं. संध्याकाळच्या टॅक्सीत ठेवते."

मी हो म्हणाले. तिने इतक्या पटकन समजून घेतलं याचं मला कौतुकही वाटलं. संध्याकाळी टॅक्सीवाल्याने डबे दारात ठेवले. त्यावर ठळक अक्षरांत दहा-साठ लिहिलेलं होतं. असं तेल जगात असतं हेच मला माहीत नव्हतं. दोलोतने डबा पाहिला आणि विचारलं की सासरे शर्यतीत उतरणार आहेत का. मी परत फोन लावला.

"एजे, चुकीचं तेल आलं."

"काय लिहिलंय डब्यावर?"

"दहा-साठ."

"तू काय मागितलं होतंस?"

"साठाला दहा कमी."

"मग तेच तर आहे!"

"हे दहा-साठ आहे. मला साठाला दहा कमी पाहिजे."

पलीकडून तिने विचारलं, "बाई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

सासरे चहाच्या वाटीत तळलेला बोर्सोक बुडवत म्हणाले, "साधं तेल मागवता येत नाही का?" मी फोन ठेवून दिला. तुमच्या नावामुळे येत नाही, हे मी म्हणाले नाही. मेंढ्यांकडे जाऊन म्हणाले.

दोलोतने तोडगा काढला की कोचकोर वाटेवरच आहे, तर जेवणाला निघताना नासिपाकडेच थांबून तेल बदलून घ्यायचं. स्वतः बरोबर यायला त्याला जमणार नव्हतं, त्याच्या घरी पाहुणे होते. सकाळी मी सासऱ्यांना मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं, चुकीचे डबे मागे ठेवले आणि निघाले. बर्फ नव्हता, पण थंडी हाडांत शिरत होती. कोचकोरला पोचलो तेव्हा थांबल्या थांबल्या लाल दिव्याने मला डोळा मारला. सासऱ्यांनीही तो पाहिला. त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

नासिपाला मी फळीवरचा डबा बोटाने दाखवला. तो तिसऱ्या फळीवर होता, पाच-पन्नास.

"हा?"

"हा."

"कळलं, कळलं. फोनवर जे सांगत होतीस तेच ना?"

"तेच."

इथेच घोळ झाला. फोनवर मी जे सांगत होते ते तिच्या डोक्यात दहा-साठच होतं. मी सासऱ्यांसाठी शेजारच्या टपरीतून गरम चहा आणायला गेले. परत आले तर तिने जुनं तेल खाली सोडून दिलं होतं, खड्ड्यातून वर आली होती, इंजिनवर फनेल बसवलं होतं, आणि तिच्या हातात मागच्या सीटवरून उचललेला माझाच डबा होता. झाकण उघडलेलं.

"नासिपा एजे, तो नाही! साठाला दहा..."

"हो गं हो, दहा-साठ, तेच ओततेय!" ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि डबा तिरपा केला.

घाटाखालची थंडी, कोरडं फिरणारं इंजिन, गेल्या वर्षीचा तो परतीचा रस्ता आणि "चहा दे" हे दोन शब्द, सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी चहा टाकला आणि जीव खाऊन ओरडले.

"एल्यू! ए, एल्यू! एल्यू!"

नासिपाचा हात जागच्या जागी थांबला. टपरीवाला बाहेर आला. आणि गाडीचं पुढचं दार धाडकन उघडलं.

बाजारात हा शब्द दिवसभर ऐकू येतो. बटाटे, साबण, सगळंच पन्नासाला असतं, आणि सासरे त्याकडे ढुंकून बघत नाहीत. तो आकडा असतो. ही हाक होती. सासरे काठी न घेता गाडीतून उतरले, माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं, आणि डोळ्यांवर हात धरून घाटाच्या बाजूला पाहू लागले. तिथून एक ट्रक येत होता. घोडा नव्हता.

"कोण आहे?" ते म्हणाले. "कोणी हाक मारली?"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं, आणि खड्डा समोरच होता.

"अता, मी," मी म्हणाले. "मीच ओरडले. तेलासाठी."

ते वळले. माझ्याकडे बघितलं, नासिपाच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा कोसळला की मला हुंदका आला. मग ते हळूच गाडीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

नासिपाने तोंडावर हात ठेवला होता. "सासऱ्यांचं नाव?" तिने कुजबुजत विचारलं. मी मान डोलावली. "म्हणून साठाला दहा कमी?" मी परत मान डोलावली. "अगं, मग आधीच सांगायचंस ना!"

"कसं सांगणार होते?"

तिने यावर थोडा विचार केला. मग तिसऱ्या फळीवरचा डबा आणला, तो पाच-पन्नासचाच आहे हे मला दोनदा दाखवलं आणि ओतला. दहा-साठ तिने परत ठेवून घेतलं.

घाट चढायला लागलो तेव्हा मी समोरच्या दिव्याकडे कमी आणि सासऱ्यांकडे जास्त बघत होते. चुकलंच होतं माझं. भर बाजारात, परक्या माणसांसमोर, तेही तीनदा. माफी कशी मागावी याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात त्यांनी समोर बघतच विचारलं.

"कुठलं तेल घातलंस?"

"पाच... साठाला दहा कमी, अता."

"काय?"

"साठाला दहा कमी."

"मला ऐकू येत नाही. नीट सांग."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"पाच-एल्यू."

"हं," ते म्हणाले.

दोन वळणं गेली. इंजिनचा आवाज एका लयीत होता, धूर जवळजवळ नव्हता.

"कुठलं म्हणालीस?"

"पाच-एल्यू, अता."

"असा पुटपुटल्यासारखा आवाज काढतात का? असानकादिर पार रस्त्यावरून हाक मारायचा."

माझा हुंदका आणि हसू एकदमच आलं. मी काच खाली केली आणि घाटात ओरडले, "एल्यू!" समोरच्या डोंगराने ते परत पाठवलं. सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घाटमाथ्यावर मी गाडी थांबवली. इंजिन तापलेलं होतं, बोनेटवर हात ठेववत नव्हता, आणि दिवा लागला नाही. आम्ही दोघं त्या न लागलेल्या दिव्याकडे बराच वेळ बघत बसलो. "थंड वारा आहे," डोळे पुसत ते म्हणाले. काच मी केव्हाच वर केली होती.

जेवणाला वेळेवर पोचलो. असानकादिरच्या मुलांनी त्यांना मानाच्या जागी बसवलं. सगळे त्यांना बाबा, आजोबा, वडीलधारे असंच म्हणत होते, आणि सासरे सगळ्यांना मान डोलावत होते.

पुढे माझा नवरा परत आला आणि त्याने ती गाडी विकून टाकली. नव्या मालकाकडे ती आता एक लाख दहा हजारांवर आहे म्हणे. सासरे अजून अंगणात बसतात. कधीकधी मी दूध काढून परत येताना ते मला थांबवतात आणि विचारतात, "सुनबाई, त्या गाडीला कुठलं तेल घातलं होतंस?"

मी बादली खाली ठेवते आणि मोठ्याने सांगते.