खिडकीवरचा कोरा कागद

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळघरात उतरलात की उजव्या हाताला एक करडं लोखंडी कपाट गुरगुरताना दिसेल. अंगावर ओरखडे, एका कोपऱ्याला पोचा, आणि पंख्यांचा आवाज असा की शेजारी उभं राहून बोलायचं तर घसा ताणावा लागतो. ते कपाट म्हणजे मी. लोक मला सर्व्हर म्हणतात. माझी देखभाल करणारे वायरमामा मला म्हातारी म्हणतात. मला म्हातारीच आवडतं, त्यात निदान माया आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे मला तापवून तपासलं तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा गार चहा परत उकळला होता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. इथे आले ती चार हमालांच्या खांद्यावरून. त्यातल्या एकाची पाठ तेव्हा धरली, ती अजून सुटलेली नाही, आणि तो जेव्हा जेव्हा ही गोष्ट सांगतो तेव्हा माझं वजन थोडं वाढलेलं असतं. सुरुवातीला काय कौतुक! मोठे डॉक्टर स्वतः खाली आले, माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता सगळं हिच्या एकटीवर." माझ्यासाठी काचेचं दार बसवलं. आता त्या दाराआड फरशी पुसायची फडकी वाळत घालतात. असो.

माझं काम सांगते. माझ्या पोटात चार बिऱ्हाडं राहतात, माणसं त्यांना प्रोग्राम म्हणतात. एक पेशंटांचे नंबर लावते, एक एक्स-रे सांभाळते, एक कॅमेऱ्यांतून सगळीकडे बघते आणि ऐकते. ही तिसरी महाभोचक, म्हणून तर वरच्या मजल्यांवर कोण काय बोललं हे मला बसल्या जागी कळतं. आणि चौथी टाकीवाली. चौघींनाही वाटतं, हे अख्खं घर आपलं एकटीचं. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. केला असता तर न्हाणीघरावरून भांडल्या असत्या.

टाकीवालीला टाकीची पातळी बघायची असते. ती खिडकीतून डोकावते. खिडकीपलीकडे माझ्या पाठीत खोचलेलं एक कार्ड, कार्डाला वायर, आणि ती वायर जिने चढत थेट लॅबमधल्या टाकीत. पण गंमत अशी, की खिडकी आधीपासून नसतेच. ती डोकावायला जाते आणि कोऱ्या भिंतीवर कपाळ आपटते. माणसं याला फॉल्ट म्हणतात. आपटली की ती जागच्या जागी थिजते, तोंडातला शब्द तोंडात. मग मी धावते, कार्ड कुठे आहे ते बघते, तेवढ्या जागी भिंत फोडून खिडकी बसवते, हिचं कपाळ चोळते आणि हिला जागं करते. हिला पत्ताही नसतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी असली किती कपाळं चोळत असेन, मोजायला बसलात तर तुमच्या दाढ्या पिकतील.

आणि कार्डच जागेवर नसलं तर? मग मी तिला खरं ते सांगते, की बाई गं, पलीकडे काही नाही. ती हाय खाऊन पडते. ती पडली की वॉर्डात भोंगा वाजतो, आणि लॅबमधल्या ताई असतील तिथून टाकीकडे धावतात.

या ताई टाकी सांभाळतात. टाकीत नायट्रोजन असतो, इतका थंड की गुलाब बुडवला तर काचेसारखा फुटेल. त्यात पेशंटांच्या पेशींच्या पिशव्या ठेवतात. आजार मारायला जालीम औषध द्यायचं तर त्यात पेशंटच्या चांगल्या पेशीही मरतात. म्हणून थोड्या आधीच काढून गोठवायच्या, आणि औषध देऊन झालं की परत द्यायच्या. औषध एकदा दिलं आणि पिशवी मात्र खराब निघाली, तर पुढे काही उपाय नाही. नायट्रोजन रोज थोडा उडून जातो. पातळीचा आकडा उतरला की ताई नायट्रोजनवाल्याला बोलावतात.

त्या टाकीत ताईंच्या धाकट्या बहिणीची पिशवी होती. सगळं रुग्णालय तिला धाकटीच म्हणायचं. 

तेव्हा शेजारी नवी इमारत उभी राहत होती. जमिनीत खांब ठोकायचं काम सुरू झालं आणि प्रत्येक ठोक्याला माझ्या हाडांचा खुळखुळा व्हायला लागला. कार्ड सैल झालं. क्षणभर सुटायचं, परत लागायचं. सुटलं की टाकीवाली पडायची आणि भोंगा वाजायचा. आजारी माणसं दचकून उठायची. मोठे डॉक्टर खाली आले, पण या खेपेला माझ्यावर हात ठेवायला नाही.

"मामा, तुमची म्हातारी परत बोंबलली."

"साहेब, कार्ड सैल झालंय. तिला बंद करून उघडावं लागेल."

"बंद करून? मग नंबर कसे लागणार? बाहेर रांग बघितलीत? ते जमायचं नाही. भोंगा बंद करा."

"भोंगा नियमातला आहे, साहेब. तो कायमचा बंद करता येत नाही."

"मग ती पडणार नाही असं काहीतरी करा. तुम्हाला सगळं येतं."

शेवटचं वाक्य मामांना लागलं. मामांची सवयच तशी, कुणी 'तुम्हाला येतं' म्हटलं की नाही म्हणणं त्यांना जमत नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि मला नवी शिकवण दिली. कार्ड सापडलं नाही तर टाकीवालीला खरं सांगायचं नाही. खिडकीच्या जागी कोरा कागद चिकटवायचा. ती डोकावेल, तिला कोरं दिसेल, कोरं म्हणजे नवीन काही नाही असं समजून ती जुनाच आकडा पुन्हा दाखवेल. पडणार नाही, ओरडणार नाही.

"तात्पुरतं हं, म्हातारे," मामा म्हणाले. "खांब ठोकून होईपर्यंत."

मित्रांनो, त्या कागदाचा धोका सांगते. भिंत असती तर टाकीवालीचं कपाळ पुन्हा आपटलं असतं, मी पुन्हा धावले असते, कार्ड आलं का बघितलं असतं. पण कागदावर कपाळ आपटत नाही. एकदा तो चिकटला की मला हाकच येत नाही. नंतर एका ठोक्याला कार्ड पार निखळून खाली लोंबायला लागलं, आणि माझ्या घरात मात्र सगळं शांत. टाकीवाली कोऱ्या कागदाकडे बघत रोज तोच आकडा सांगत बसली. वर सगळे खूश. मोठे डॉक्टर भेटतील तिथे मामांची पाठ थोपटत होते. धाकटीला दाखल करून घेतलं. उद्यापासून औषध सुरू, असं ठरलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ताई कुणाचीतरी नवी पिशवी ठेवायला टाकीपाशी गेल्या. मामा तिथेच नळाजवळ डबा धूत होते. कॅमेरेवालीने मला सगळं ऐकवलं.

"मामा, हा आकडा हल्ली फार शहाणा झालाय."

"म्हणजे?"

"मी झाकण काढलं, पिशव्यांची रॅक वर ओढली. एरवी नुसता नाचतो. आज ढिम्म."

"सुधारली गं म्हातारी. मीच तिला शिकवलं, की कार्ड नसलं तरी…" मामा बोलता बोलता थांबले. नळ तसाच वाहत होता.

"नसलं तरी काय?"

डबा तिथेच टाकून मामा जिन्याकडे पळाले. ताईंनी कोपऱ्यातली लाकडी काठी उचलून टाकीत तळापर्यंत बुडवली. थोडं थांबून बाहेर काढली. काठीला जिथवर नायट्रोजन लागतो तिथवर पांढरं बर्फ धरतं. बर्फ फक्त टोकाला होतं, बोटाच्या पेराएवढं.

खाली मामांनी माझी ती शिकवण पुसली. कागद गळून पडला, टाकीवालीचं कपाळ भिंतीवर आदळलं आणि मी जे खरं होतं ते तिला सांगितलं. भोंगा वाजला. चार गल्ल्या पलीकडे कबुतरं उडाली म्हणतात. यात मी काही वाढवून सांगत नाही.

नायट्रोजनवाल्याने येऊन टाकी भरली. प्रत्येक पिशवीबरोबर पेशींची एक छोटी कुपी ठेवलेली असते, तपासायला. इतरांच्या पिशव्या तळाला होत्या, त्या वाचल्या. वरच्या कप्प्यात एकच पिशवी होती, धाकटीची. तिच्या कुपीतल्या निम्म्याहून जास्त पेशी मेल्या होत्या. औषध थांबवलं. आता पुन्हा पेशी काढायच्या, म्हणजे मानेत जाड सुई घालून तासन्‌तास पडून राहायचं. धाकटीच्या अंगात तेवढी ताकद राहिली नव्हती, आणि आजार काही तिच्यासाठी थांबून राहणार नव्हता.

ताई तळघरात आल्या तेव्हा मामा माझ्या पाठीशी भिंतीला टेकून बसले होते.

"ताई, मला चार शिव्या दे."

"शिव्यांना वेळ नाही मामा. उठा. कार्ड घट्ट करा."

"तिला बंद करावं लागेल. साहेब…"

"साहेबांना सांगून आलेय. आज नंबर हातानं लावा म्हटलं, चिठ्ठ्या फाडा."

"काय म्हणाले?"

"चिठ्ठ्या फाडतायत."

मला बंद केलं. मित्रांनो, बंद होणं म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही, कारण तेव्हा मी नसतेच. जागी झाले तेव्हा कार्डाला दोन्ही बाजूंनी स्क्रू लावलेला होता आणि मामांचं बोट कापलेलं होतं.

धाकटीच्या पेशी पुन्हा काढल्या. कमी निघाल्या. जुन्या जगलेल्या आणि या नव्या मिळून कदाचित पुरतील, असं डॉक्टर म्हणतात. कदाचित हा शब्द ताई दिवसभर तोंडात घोळवत असतात. औषध देऊन झालंय, आणि दोन्ही पिशव्या अजून टाकीतच आहेत.

शेजारचं काम संपलेलं नाही. माझी हाडंही काही तरुण होत नाहीत. स्क्रू असूनही मधूनच कार्ड दिसेनासं होतं, मग मी खरं सांगते आणि भोंगा वाजतो. लोक वैतागतात. म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, दारावर फडकी वाळत घाला हवी तर. पण एखादं यंत्र ओरडत असेल तर त्याला आधी विचारा, का ओरडतंस. त्याला गप्प करायला फार थोडी अक्कल लागते.

आज सकाळीच पुन्हा वाजला. धाकटी डोळे मिटून पडली होती, डोक्यावर एक केस नाही, ओठ सुकलेले. नर्स कानावर हात ठेवून भोंगा तेवढ्यापुरता थांबवायच्या बटणाकडे धावली.

"सिस्टर, वाजू दे," धाकटी म्हणाली. "झोप मोडली तरी चालेल. गप्प असला की भीती वाटते."

नर्सचा हात बटणापाशी थांबला. बाहेर जिन्यावर ताईंच्या चपला वाजत होत्या, आणि हल्ली कायम त्यांच्या हातात असलेली ती लाकडी काठी प्रत्येक पायरीला कठड्यावर आपटत वर टाकीकडे चढत होती.