हजर असेल त्यालाच फ्रिज

आमच्या इलोइलो शहरात मेळावा कसलाही असो, शेवटी सोडत नसेल तर तिथे कुत्रंही फिरकत नाही. सेन्सरवाल्यांचा आणि वायफायवाल्यांचा मेळावा दर तीन महिन्यांनी भरतो. पत्रिकेवर लिहिलेलं असतं, 'ओळखी वाढवा, व्यवसाय वाढवा.' लोक येतात ते बक्षिसासाठी आणि मधल्या वेळच्या खाण्यासाठी, आणि मग आलोच आहोत तर ओळखीही वाढवतात. यंदा पहिलं बक्षीस दोन दारांचा फ्रिज होता. चिरमुऱ्याच्या रंगाचा. तो हॉलच्या मधोमध लाल फीत बांधून उभा होता आणि येणारा प्रत्येक जण त्याचं दार एकदा उघडून बघत होता.

नियम जुनाच, हजर असेल त्यालाच बक्षीस. पण पूर्वी नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायचो तेव्हा एकेक जण चुलत्यापासून जावयापर्यंत सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकायचा. यावेळी संयोजकांनी माझ्याकडे धाव घेतली. मी देल्फा. अर्ध्या शहराला बिनतारी इंटरनेट मी पुरवते आणि हे मी कुणालाही विसरू देत नाही. मी म्हणाले, "सोपं आहे. हॉलमध्ये माझं वायफाय. ज्याचा फोन नावासकट त्याला जोडलेला, तो हजर. सोडतीचं बटण दाबलं की जिंकणाऱ्याचा फोन कोंबड्यासारखा आरवेल. चिठ्ठी कुणीही टाकेल हो, पण आपला फोन कोण दुसऱ्याच्या हातात देतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही माझ्यावर खूश झाले.

त्याच हॉलच्या दारावर मानोंग पोल्डोंनी आपले दोन सेन्सर लावले होते. पोल्डो माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मानोंग, म्हणजे दादा. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढले, निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे करू लागले. साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या. त्यांना चेहरा दिसत नाही, त्या नाव विचारत नाहीत. माणूस आत गेला की एक वाढवतात, बाहेर आला की एक कमी करतात. वाढपी मागच्या दाराने यायचे, त्यांचा प्रश्नच नव्हता.

मानोंगची सगळी धडपड एका बाईसाठी होती. व्हिलारूझ मॅडम पलीकडच्या बेटावरून आल्या होत्या. तिथल्या नगरपालिकेचं वादळाचं खातं त्या बघतात. त्यांचे तीन निवारे आहेत, पावसाळी वादळं तोंडावर आलेली, आणि निवाऱ्यात माणसं मोजायची पद्धत त्या आज ठरवून जाणार होत्या. पाचची बोट गाठायची होती. बुटक्या, पायात रबरी चपला, खांद्याला तांदळाच्या गोणीची शिवलेली पिशवी. मोठ्या अधिकारी वाटतच नव्हत्या, म्हणून आमच्यातल्या निम्म्यांनी त्यांना चहावाली समजून कप परत दिले.

स्टेजवरच्या पडद्यावर दोन आकडे झळकत होते. डावीकडे माझा, उजवीकडे मानोंगचा. साडेतीनला सगळे येऊन बसले, दार लागलं आणि आकडे थांबले. माझे एकशे बारा. मानोंगचे त्र्याऐंशी.

"एकोणतीसचा फरक?" मॅडम म्हणाल्या.

कुणीतरी सुचवलं की डोकीच मोजा. दोघांनी मोजली. एकाची एकोणऐंशी भरली, दुसऱ्याची एकशे आठ. कारण मोलोचं, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या पुरचुंड्यांचं, गरम सूप नुकतंच आलं होतं आणि सूप आल्यावर आमच्याकडची डोकी एका जागी राहत नाहीत.

मानोंग स्टुलावर चढले. खिशातला रुमाल काढून डब्या पुसल्या, वायरी दाबून बघितल्या, खाली उतरून स्वतः तीनदा आतबाहेर केलं. तिन्ही वेळा आकडा बरोबर हलला आणि पुन्हा त्र्याऐंशीवर येऊन बसला. माझ्या मागे कॅमेरेवाला विक्रेता पुटपुटला, "म्हातारपणी कशाला हे उद्योग!" मला मानोंगची दया आली. पण खोटं कशाला बोलू, माझा आकडा मोठा आणि गोल गुबगुबीत दिसत होता, आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"मानोंग," मॅडम हळूच म्हणाल्या, "वादळात मला एकच आकडा लागतो. आत किती जण आहेत. त्यात एकोणतीस चुकले तर मी एकोणतीस माणसं शोधायला पुरात बोट पाठवीन."

"म्हणूनच केलंय हे, मॅडम." मानोंग रुमालाची घडी घालत म्हणाले. "आमच्या गावच्या निवाऱ्यात यादी करतात. एका पुरात आई घरीच राहिली आणि शेजारणीने तिचं नाव लिहिलं. चांगुलपणानेच हो, तिचं मदतीचं पाकीट चुकू नये म्हणून. यादीत नाव आहे म्हटल्यावर शोधायला कोण जाणार? आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छपरावर. कुशीत बदक घेऊन."

"अरे देवा. मग?"

"मग काय? ब्याण्णव वर्षांची आहे. काल मला म्हणाली, शर्ट इस्त्रीचा घाल. बदकही आहे अजून."

मॅडम हसल्या, पण लगेच त्यांनी घड्याळ बघितलं. "तुमची कळकळ कळते मला. पण मी कळकळ नाही बसवू शकत दारावर. देल्फा, तुमच्या आकड्यामागे निदान नावं तरी आहेत, तुमची फोनची पद्धत नेते मी. सोडत झाली की कागद करू."

मला काम मिळालं होतं, तेही न मागता. मानोंगनी मला "अभिनंदन गं, इंदाय" म्हटलं. आमच्याकडे धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, मनापासून. त्यांच्या शर्टाची इस्त्री मला एकदम नको इतकी दिसायला लागली.

मी स्टेजवर गेले आणि बटण दाबलं. भात शिजवायचं भांडं, नाव रोनेलो सुमागायसाय. चौथ्या रांगेतून कोंबडा आरवला. नेनिता उठली. ही कुलपांच्या दुकानात हिशेब बघणारी बाई, कायम घाईत.

"रोनेलो बाथरूमला गेलाय! मी घेते त्याच्या वतीने!"

पुढे टेबलफॅन, नाव मारिकार सोल्डेव्हिला. कोंबडा पुन्हा चौथ्या रांगेतून आरवला.

"मारिकार... वाटेत आहे!" नेनिता म्हणाली.

"कसली वाटेत? ती मनिलात असते!" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हणूनच वेळ लागतोय!"

हॉल खो खो हसला. तिसरं नाव निघालं आणि कोंबडा परत नेनिताच्या पिशवीत. यावेळी तिने पिशवीवर सूपची रिकामी वाटी पालथी घातली, तरी आरवणं थांबेना. लोक टेबलं बडवत होते. मी मात्र पडद्यावरच्या माझ्या एकशे बाराकडे बघत होते. फोन आलेत. माणसं आलेली नाहीत.

आम्ही असेच आहोत. स्वतःला जाता आलं नाही तर नाव तरी पाठवतो, आणि दुसऱ्याचं नाव घेऊन जायला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे माणुसकी सोडली. मी फक्त चिठ्ठीच्या जागी फोन आणला होता, इतकंच.

मी स्टेजवरून खाली वाकले. मानोंग पहिल्याच रांगेत होते.

"मानोंग, लक्षात आलं ना? तुमचा आकडा बरोबर आहे. सांगते मी मॅडमना."

"आलं लक्षात. गप्प बस." ते कुजबुजले. "त्या नेनिताला सगळ्या गावासमोर उघडं पाडायचं? तिचा मालक पुढच्याच टेबलावर बसलाय. एक डबी गेली तर गेली."

"तीन निवारे आहेत, मानोंग!"

"सोडत काढ तू."

मी सरळ उभी राहिले आणि फ्रिजचं बटण दाबलं. पडद्यावर नावं भराभर फिरली आणि थांबली. रोमुलो गासताडोर.

कोंबडा स्टेजवर आरवला. माझ्या पिशवीत.

हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण लाज वाटत होती. रोमुलो म्हणजे माझा नवरा. सकाळी तो घरी आपल्या झुंजीच्या कोंबड्यांना आंघोळ घालत होता. म्हणाला, "तू चाललीच आहेस तर माझा फोन ने की. फ्रिज लागला तर मासे ठेवता येतील." मी नेला. मला वाटलं, ही अक्कल अख्ख्या शहरात आम्हा दोघांनाच सुचली आहे.

"कुठे आहे रोमुलो?" नेनिताने विचारलं. तिचा आवाज मधासारखा गोड होता. "बाथरूमला?"

मी माइक घेतला. "रोमुलो घरी आहे. कोंबडे धुतोय. फोन मी आणला. हजेरीची पद्धत माझी आणि पहिली लबाडी पण माझीच." हॉलमध्ये कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट. मग मी डोळे मिटून बोलून टाकलं, "मानोंग पोल्डोंचा आकडा चुकला म्हणून त्यांचं काम गेलं. तो चुकलेला नाही. चुकलोय आपण. ज्याच्याकडे दुसऱ्याचा फोन असेल त्याने इथे टेबलावर आणून ठेवा. मी पहिली." आणि रोमुलोचा फोन ठेवला.

मग नेनिता उठली. तिने पिशवी टेबलावर सरळ उलटीच केली. नऊ फोन. तिचा मालक तोंड उघडं टाकून बघत होता, आणि मग खाली मान घालून तोही आला आणि आपल्या सासूचा फोन ठेवून गेला. त्यानंतर रांगच लागली. कॅमेरेवाल्याने तीन ठेवले. एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने दोन. एका फादरनी एक ठेवला आणि म्हणाले, "हा बिशपसाहेबांचा. त्यांना माहीत नाही." आता मात्र हॉल असा हसला की फ्रिजची फीत सुटली असं मला वाटलं. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते, "तू पण? तू पण?" अशी लाज मी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांची मिळून आली की तिचा सणच होतो.

मोजले. तीस फोन.

"एकशे बारातून तीस गेले," मॅडम म्हणाल्या. "ब्याऐंशी."

सगळ्यांनी पडद्याच्या उजव्या बाजूला बघितलं. त्र्याऐंशी.

हसणं विरलं. मानोंग उठून उभे राहिले. "एकाने चुकलं," ते म्हणाले. "एक का होईना, पण जास्त दाखवतोय. नसलेला माणूस आहे म्हणून दाखवला तर... नाही, मॅडम. मी नाही देणार असा." त्यांनी दारापाशी स्टूल ओढलं आणि स्वतःच्या हाताने डब्या उतरवायला वर चढले.

"मानोंग, खाली उतरा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी गोणीच्या पिशवीत हात घालून एक फोन काढला. काच काळी ठिक्कर. त्यातून पाण्याचा थेंब गळाला.

"सकाळी बोटीतून उतरताना पडला पाण्यात. तेव्हापासून बंद आहे. मी कुठल्याच वायफायला जोडले गेले नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "देल्फा, तुमच्या हिशेबाने मी अजून समुद्रातच आहे. मला आत येताना बघितलं ते या दाराने."

त्र्याऐंशी. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

पुढचा गोंधळ मला नीट सांगता येणार नाही. फादरनी मानोंगना उचललं एवढं आठवतंय, आणि नेनिता माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत हसत होती. मानोंग स्टुलापाशी उभे राहून हातातला रुमाल पिळत होते, जणू तोच पाण्यात पडला होता.

"तीन निवारे," मॅडम त्यांना म्हणाल्या. "सोमवारी या. आणि देल्फा, तुम्ही पण. निवाऱ्यातला आकडा माझ्या कार्यालयात पोचवायला वायफाय लागेलच. माणसं मात्र मानोंग मोजतील."

मी म्हणाले, "फुकट बसवते." एवढं तरी करायला हवंच होतं. फ्रिजची सोडत आम्ही पुन्हा काढली, खऱ्या माणसांची, कागदाच्या चिठ्ठ्यांनी. रोमुलो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

साडेचारला मॅडम निघाल्या. त्या दाराबाहेर पडल्या आणि पडद्यावर ब्याऐंशी झाले. हॉलने टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने त्या परत आत डोकावल्या, एक पाऊल टाकलं, त्र्याऐंशी. पुन्हा टाळ्या. मग ही एवढी मोठी बाई लहान पोरीसारखी आत-बाहेर, आत-बाहेर करू लागली आणि आम्ही प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने ओरडत होतो. मानोंगचा आवाज सगळ्यांत मोठा होता. शेवटी त्यांनीच मॅडमची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "चला, बोट चुकेल." दोघं बाहेर पडले आणि आमच्यातले दोन कमी झाले.