तिसऱ्या परीक्षक मनकर्णाबाई

भिंतीवर चिकटवलेल्या पॅराग्वेच्या झेंड्यासमोर प्राध्यापकांनी 'रचना' या रकान्यात शून्य लिहिलं आणि ते पुढच्या झेंड्याकडे सरकले. मनकर्णाबाई सरकल्या नाहीत.

"सर, याले भोपळा काऊन देल्ला?"

अनंत सर बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवतात. माणूस सज्जन, पण म्हाताऱ्यांशी ते जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. त्यांनी मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. वर लाल, मध्ये पांढरा, खाली निळा. पट्टे बरोबर होते. पण मधोमध हिरव्या पानांच्या गोलात पिवळा तारा हवा होता, आणि या मुलानं किंवा मुलीनं तिथे सिंह काढला होता.

"मुख्य चिन्हच चुकलंय, आजी. पट्टे काय, कोणीही ओढेल."

मनकर्णाबाई सिंहाकडे बघत राहिल्या. "तारा सोपा हाय, सर. सिंह अवघड. चुकाचंच होतं तं लेकरानं अवघड काऊन काढलं?"

सरांनी घड्याळ पाहिलं. निकाल चार वाजता लागायचा होता, अडीच वाजून गेले होते आणि अजून चौदा झेंडे बघायचे होते. तुम्ही शेवटी फक्त सही करा, असं ते हसून म्हणाले.

मनकर्णाबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

त्या तिथे परीक्षक म्हणून आल्याच नव्हत्या. माझा गुडघा गेल्यापासून मी कुठेही जिना चढायचा असला की त्यांच्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशीही तशाच त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. चिखलीच्या आमच्या वाचनालयानं प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या रविवारी आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती. प्रत्येकानं एक देश निवडायचा, त्याचा झेंडा कापडावर करायचा, काठी घालण्यासाठी कडेला नेफा शिवायचा, आणि वहीत दोन पानं त्या झेंड्याचा इतिहास लिहायचा. इतिहासाच्या वह्या मी आधीच घरी तपासून आणल्या होत्या. रचनेचे गुण अनंत सर आणि एक चित्रकलेचे शिक्षक देणार होते. त्या शिक्षकांचा सकाळी फोन आला, ताप आहे म्हणून. निकालपत्रावर तीन सह्या लागतात. वाचनालयाचे अध्यक्ष अर्जुनराव हवालदिल झाले, तेव्हा मीच म्हटलं, मनकर्णाबाईंना घ्या की. पस्तीस वर्षं आमच्या हायस्कुलात झेंडा त्यांनीच बांधला आणि त्यांनीच उतरवला. इथे जमलेल्यांत एवढे दिवस झेंडा हातात धरलेलं दुसरं कोण आहे?

अर्जुनराव घाईत होते, हो म्हणाले. आता पेन खाली ठेवलेलं बघून ते आले.

"भितीवर झेंडा नसते, अर्जुनभाऊ," मनकर्णाबाई त्यांना म्हणाल्या. "भितीवर क्यालेंडर असते. हे सारे काढा, खाली अंगनात न्या अन् काठीवर लावून पाहू. नाई तं मी सही नाई करत."

अर्जुनराव आमच्याच शाळेत शिकलेले. शिपाईबाईनं अडवावं हे त्यांना जरा लागलं असावं. ते सरांकडे वळून मिश्कीलपणे म्हणाले, "सर, यांच्या काठीपासून सांभाळून बरं का. आमच्या वेळी यांनी बांधलेला झेंडा उघडलाच नव्हता."

सर हसले. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. मी खाली बघितलं.

त्या सव्वीस जानेवारीला सेहेचाळीस वर्षं झाली. मनकर्णाबाईंचे यजमान कडूबा आमच्या शाळेत शिपाई होते. ते गेले आणि त्यांच्या जागी ह्या लागल्या, तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. सव्वीस जानेवारीला मात्र तो आदल्या दिवशीच गुंडाळून, आत झेंडूच्या पाकळ्या घालून वर बांधून ठेवतात. पाहुण्यांनी दोरी ओढली की सुरगाठ सुटते आणि पाकळ्या खाली पडतात. त्या वर्षी पाहुण्यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग दोन शिक्षकांनी मिळून ओढली. आठशे मुलं हात कपाळाला लावून उभी, आणि वर ते गाठोडं तसंच. शेवटी झेंडा खाली उतरवून गाठ सोडावी लागली. मनकर्णाबाईंना नोटीस मिळाली. वर्षभर झेंड्याला हात लावायची मनाई झाली, आणि दुसऱ्या कोणाला ते काम नीट जमेना म्हणून पुन्हा त्यांच्याकडेच आलं. पण 'न उघडणारा झेंडा' ही गोष्ट गावात राहिली. लग्नाकार्यात, एस. टी.च्या रांगेत कोणी ना कोणी ती काढायचंच.

त्या सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी मी मुलींकडून गाणं बसवून घेत शाळेत थांबले होते. मनकर्णाबाई घरी गेल्यावर मुख्याध्यापकांनी झेंडा खाली घेतला, गाठ चाचपली, वारा सुटला तर पाकळ्या सांडतील म्हणून सुरगाठीवर स्वतः एक निरगाठ मारली आणि झेंडा पुन्हा वर चढवला. हे मी खिडकीतून पाहिलं होतं. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी बोलले नाही. नोकरी कायम झाल्यावरही बोलले नाही. मुख्याध्यापक वारले तेव्हाही नाही.

त्या रविवारी वाचनालयात मी एवढंच म्हणाले, की काठीवर बघायला माझी हरकत नाही. तिघांपैकी दोघी झाल्या. सरांनी सुस्कारा सोडला आणि झेंड्यांच्या चिकटपट्ट्या काढायला सांगितल्या.

अंगणात मुलं मसालेभात खात होती. एकतीस झेंडे बघून ती ताटं घेऊन भिंतीकडेला सरकली. मांडव घालायचा लांब बांबू होता, तो मनकर्णाबाईंनी खांबाशी आणून ठेवला; झेंडा चढवला की खांबाला टेकवून उभा करायचा. वारा अजिबात नव्हता. अर्जुनराव म्हणाले, आता काय फडकणार. मनकर्णाबाई म्हणाल्या, बरं झालं.

त्यांनी मला फाटकाजवळ खुर्चीवर बसवलं, चांगली चाळीस पावलं लांब. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्या एकेक झेंडा बांबूला लावत आणि मला विचारत, "बाई, कोनता देस?"

मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. सोव्हिएत रशियाचा लाल झेंडा मी इतक्या वर्गांना शिकवला, की पुढे तो देशच राहिला नाही तेव्हा नव्या पुस्तकातलं ते पान मला घरचं माणूस जावं तसं रिकामं वाटलं. झेंडे मला पाठ होते, पण पुस्तकातले. बिनवाऱ्याचे, काठीला लोंबणारे झेंडे मी आयुष्यात नीट पाहिलेच नव्हते. जपान ओळखला, घडीतूनही तो तांबडा तुकडा डोकावत होता. नेपाळ तर लगेच, त्याच्या दोन टोकांमुळे. पण भिंतीवर सगळ्यांत सुंदर दिसलेले काही झेंडे तिथे नुसते रंगीत फडके झाले. त्यांचे पक्षी, ढाली, अक्षरं सगळं घड्यांनी गिळलं.

"वारं घडीभर असते, सर," मनकर्णाबाई अनंत सरांना सांगत होत्या. "बाकी दिवसभर झेंडा असाच लटकेल राह्यते. तवाबी दुरून वळखू आला पाह्यजे. ज्यानं पह्यल्यांदा तो बनवला त्यानं याचा इचार केला का नाई, ते पाहा ना."

थोड्या वेळानं पाहिलं तर सरांनी गुणांच्या कागदावर पट्टीनं नवा रकाना आखला होता आणि मी ओळखलेल्या देशांपुढे खुणा करत होते. पुढच्या झेंड्याला तर ते स्वतःच ओरडून मला विचारू लागले.

ब्राझीलची पाळी आली. तो थर्माकोलचा होता, आणि त्यावरचे सत्तावीस तारे बटण दाबलं की लुकलुकायचे. तो अर्जुनरावांच्या नातीनं, भार्गवीनं केला होता हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सकाळी तो अर्जुनरावांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून एकटाच आला होता. पहिलं बक्षीस त्याला, असं हॉलमध्ये जवळजवळ ठरलंच होतं. मनकर्णाबाईंनी नेफा शोधला. नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून फिरवून पाहिला.

"लय मेहनत केली पोरीनं. पण हा झेंडा नाई, अर्जुनभाऊ. हा पाट हाय. याच्यावर जेवाले बसता येते."

मुलं हसली. भार्गवीही हसली. अर्जुनराव हसले नाहीत.

मग सतरा नंबर. पॅराग्वे. मनकर्णाबाईंनी तो नेफ्यात बांबू घालायच्या आधी उलटा केला. प्रत्येक झेंडा त्या आधी उलटाच करत होत्या. ही त्यांची नोकरीपासूनची सवय. आपल्या झेंड्याचं चक्र दोन्हीकडून दिसावं लागतं, एकीकडूनच छापलेला झेंडा त्या दुकानातून परत पाठवायच्या. सतरा नंबर उलटा केला आणि त्या थांबल्या. कापड दुहेरी होतं. मागच्या बाजूला हिरव्या पानांचा गोल होता, आणि गोलात पिवळा तारा.

"सर, तुमचा तारा इथं हाय."

भिंतीवर लावणाऱ्यांनी सिंहाची बाजू बाहेर ठेवून चिकटवला होता. सर म्हणाले, दोन बाजूंना दोन चिन्हं कुठे असतात का? मग त्यांनी मोबाइल काढला. बराच वेळ वाचत होते. वाचता वाचता पायरीवर बसले. अठराशे बेचाळीसपासून असंच आहे, पुढे तारा आणि मागे सिंह, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी वरचं चित्र बघितलं, खालचा मजकूर वाचला नाही," हेही त्यांनी सांगितलं. हे सांगायची त्यांना काही गरज नव्हती. माणूस खरंच सज्जन.

आता माझी पाळी होती. सतरा नंबरची वही माझ्या पिशवीत होती. त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'या ध्वजाच्या दोन्ही बाजू वेगळ्या आहेत.' त्या ओळीभोवती लाल गोल होता, समोर माझ्या अक्षरात 'चूक', आणि दहा गुण कापलेले. मी कुठेही पडताळून पाहिलं नव्हतं. मला माहीत नव्हतं म्हणून ते चूक. मी वही उघडून सर्वांना दाखवली.

आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही आलं. अर्जुनरावांना म्हटलं, तुमच्या वेळचा तो झेंडा न उघडण्यात मनकर्णाबाईंचा काही दोष नव्हता. वरची निरगाठ मुख्याध्यापकांनी मारली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सेहेचाळीस वर्षं गप्प बसले.

अर्जुनराव माझ्याकडे, मग मनकर्णाबाईंकडे बघत राहिले. त्या अजून सतरा नंबरचा नेफा बांबूवर सरकवत होत्या.

"मले ते त्याच दिवशी समजलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "मी डावखुरी. ते गाठ उजव्या हाताची होती. पन माह्यं कोन आयकलं असतं?" नेफा वरपर्यंत नेऊन त्यांनी बांबू उभा केला. "आता आयकून राह्यले तं पह्यले लेकराचे मार्क दुरुस्त करा."

आम्ही केले. सगळेच गुण पुन्हा मांडले, तिघांनी बसून, आणि तिसऱ्या परीक्षकांना विचारल्याशिवाय रचनेचा एकही आकडा लिहिला गेला नाही. निकाल चारऐवजी साडेपाचला लागला. पहिलं बक्षीस सतरा नंबरला. जानेफळची सातवीतली आरोही, पहाटेची गाडी धरून शिक्षिकेबरोबर आलेली. भार्गवीच्या ब्राझीलला इतिहासाचं बक्षीस मिळालं, आणि ते योग्यच होतं. वही तिची उत्तम होती. परीक्षकांची नावं वाचताना अर्जुनरावांनी माइकवर थांबून मनकर्णाबाईंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं, कागदावर लिहून घेतलं, आणि मग वाचलं: श्रीमती मनकर्णाबाई कडूबा इंगळे. तेच सगळ्यांत आधी वाचलं. मग म्हणाले, या बाईंच्या हातचा झेंडा उघडला नाही असं जे मी आजवर सांगत आलो, ते खोटं होतं. टाळ्या मुलांनी सुरू केल्या, नंतर पालकांनी. मनकर्णाबाई बसल्या जागी ताठ होत्या, वर्गातल्या पहिल्या बाकावर बसतात तशा.

मुलं झेंडे घ्यायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, असे बोळे करून नेऊ नका. घडीला दोन माणसं लागतात. समोर जो उभा होता त्याच्या हातात त्यांनी कापडाची टोकं दिली. ते अनंत सर होते.

"ताना. ढील नका देऊ."

सर ताणून उभे राहिले. त्या सांगतील तसे पुढे आले, मागे गेले, पुन्हा टोकं धरली. प्रत्येक देशाची घडी अशी घातली गेली की त्याची खूण वर यावी. मुलांची रांग फाटकापर्यंत गेली होती, आणि घडी हातात मिळाली तरी कोणी निघत नव्हतं.

शेवटी आरोही आली. सरांनी तिच्या झेंड्याची टोकं धरली, अर्धी घडी पडली आणि मनकर्णाबाई थांबल्या. झेंडा कसा धरायचा, कसा लावायचा हे दिवसभर त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. आता त्यांनी मुलीला विचारलं, "कोनती बाजू वर ठेवू, माय?"

आरोहीनं बराच विचार केला. सर टोकं ताणून उभे होते.

"सिंह," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी कापड उलटलं, सिंह वर घेतला आणि त्याच्यावरून एकदा तळहात फिरवून घडी तिच्या हातात दिली.