ऊन खाल्लेली बाजू

दगड ठेवायलाही अक्कल लागते, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तीस वर्षं टूसॉन शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घातलं, मला शिकवायची कुणाची टाप नव्हती. निवृत्त झाल्यावर हौसेनं टेकड्यांवरच्या वाटा राखणाऱ्या स्वयंसेवकांत नाव घातलं, केशरी जाकीट अंगावर चढवलं, आणि पहिल्याच सकाळी एक उंच, वाळका म्हातारा मागे येऊन उभा राहिला.

"बाई, हा दगड उलटा ठेवलास."

"दगडाला कसली आलीय उलटी-सुलटी बाजू?"

"आहे ना. वर्षानुवर्षं एका कुशीवर पडलेला असतो तो. वरची बाजू ऊन खाऊन काळी पडते, खालची फिकी राहते. फिकी वर आली की लांबून कळतं, इथे माणसाचा हात लागलाय. फिरव. आणि अर्धा पुरून टाक."

मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या आणि दगड फिरवला. तो लॉर्न हॅस्केट. जन्म टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलेला, आता एक्क्याऐंशीचा. त्या दिवसाला नऊ वर्षं झाली. त्याच्यासारखं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे त्याच्या तोंडावर मात्र कधी बोलले नाही. आधीच हरभऱ्याच्या झाडावर चढलेला, अजून कशाला चढवा!

आमचं मुख्य काम चोरवाटा बुजवायचं. वाळवंटात एकदा पाऊल उमटलं की वर्षानुवर्षं जात नाही, आणि एकाचं दिसलं की मागून दहा जण येतात. वाट काटे टाकून अडवली तर लोक बाजूनं जातात, एकाच्या दोन वाटा होतात. म्हणून लॉर्न वाट अडवायचा नाही, लपवायचा. ओकोटियो या वाळवंटी झुडपाच्या वाळक्या, काटेरी काठ्या जमिनीत अशा उभ्या पुरायचा, की तिथंच उगवून वाळल्यात असं वाटावं. दगड काळी बाजू वर करून, बारीक खडी वरून भुरभुरून. आणि निघताना पाठमोरं चालत, झुडपाच्या फांदीनं आपलीच पावलं पुसत यायचं. माझी मुलगी म्हणते, "आई, तू परवा घरातसुद्धा फरशी पुसत मागे-मागे चाललीस."

गेली दोन वर्षं लॉर्नचा सगळा जीव एकाच चोरवाटेत अडकला होता. पालोमा टेकडीचा मोठा रस्ता वळणं घेत वर जातो. लोकांना वळणांचा कंटाळा, म्हणून मधूनच एक सरळ वाट पडली होती. ती जायची एका जुन्या पालो वर्देच्या बुंध्याला खेटून. त्या झाडाच्या सावलीत सग्वारो निवडुंगाची तीन पिल्लं होती, वीतभर उंचीला वीस वर्षं लागलेली. शेजारीच वाळवंटी कासवाचं बीळ. लोकांचे बूट दर हिवाळ्यात इंच-इंच जवळ येत होते.

उद्यानाच्या कार्यालयाचं म्हणणं असं, की वाट बंद होत नसेल तर ती पक्की करू. पायऱ्या, कठडा, सगळं. यंत्र एप्रिलमध्ये येणार होतं. पालो वर्दे मध्ये येत होतं म्हणजे ते जाणार, पिल्लं जाणार, कासवानं आपलं आपण बघून घ्यावं.

ट्रूडी नावाची तरुण अधिकारी आमच्यावर होती. पोरगी सरळ, पण नियमाला घट्ट. ती म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी वाटेच्या खालच्या तोंडाशी मी मातीवर दाताळं फिरवते, म्हणजे पाऊल पडलं तर उमटेल. सोमवारी सकाळी बघू. एकही माणूस आत गेलेला नसेल, तर वाट मिटली असं मी लिहून देते. गेला असेल, तर माझा नाइलाज आहे."

"एकही?" मी म्हटलं. "अगं, सुट्टीचे दोन दिवस! अर्धं टूसॉन लोटतं इथे."

"जमेल," लॉर्न म्हणाला. त्यानं थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं.

आता माझा पराक्रम ऐका.

रविवारी सकाळी मी मोठ्या रस्त्यानं सहज चालले होते. सहज कसली, जीव राहवेना. आणि बघते तर रानडुकरांनी रात्रीत एक ओकोटियोची काठी आडवी केलेली. तिथे भुंडी जागा लख्ख दिसत होती. माझे हात शिवशिवले. गेले आत, काठी पुरली, पायानं माती दाबली, आणि सवयीनं फांदी घेऊन पावलं पुसत पाठमोरी बाहेर आले. इतकं सुबक काम, की स्वतःवरच खूश होऊन घरी गेले आणि अंड्याचे दोन बरिटो चापले.

सोमवारी ट्रूडी वाकून जमीन बघायला लागली, तेव्हा मीही मान पुढे काढली. दाताळ्याच्या समांतर रेघा होत्या, आणि त्यांच्या बरोबर मधोमध हातभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा.

ट्रूडी ताठ उभी राहिली. "लॉर्न, कुणीतरी पावलं पुसलीत. आणि अशी पुसायला शिकवता तुम्हीच."

लॉर्नचा चेहरा पडला. बहुधा त्याला क्षणात कळलं होतं कुणाचं काम ते, फांदीचा हात तो ओळखतो. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन वर्षांची मेहनत मातीत जात होती आणि हा माणूस माझं पाप स्वतःवर घेऊन गप्प उभा! मला रडूच आलं.

"मी गेले होते," मी ओरडलेच. "माझी अक्कल शेण खायला गेली होती. काठी पडली होती ती लावली. त्याचा काही संबंध नाही, ट्रूडी, माझं जाकीट काढून घे हवं तर."

ट्रूडीनं कपाळाला हात लावला. "ऑफेलिया! अहो, आता मी काय लिहू? पुसलेल्या जागेवर मोजणी कशी करू?"

तिनं वर रस्त्याच्या वळणांकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "मी इथे नवीन आहे, ही वाट मी नकाशावरच पाहिलीय, आत कधी गेले नाही. वरच्या टोकापासून मी मोठ्या रस्त्यानं उतरते. चोरवाट त्याला कुठे मिळत होती ते मला सापडलं, तर इतरांनाही सापडेल. नाही सापडलं, तर मिटली."

आम्ही वर गेलो. ट्रूडी पाऊल-पाऊल टाकत उतरू लागली, दर दहा पावलांवर थांबून उताराकडे बघत. जिथून वाट फुटायची ती जागा ती ओलांडून गेली. मी श्वास सोडला. आणि ती थांबली, मागे आली.

"हा दगड उलटा का?"

कवटीएवढा एक दगड, फिकी बाजू वर. मागे एकदा मी तो दाखवला होता तेव्हा लॉर्न म्हणाला होता, "असू दे, म्हातारा झालो, चुकतो मी." मला तेव्हा खरं वाटलं होतं. गाढव मी. तो दगडाच्या बाबतीत चुकतो का कधी!

"चुकून नाही ठेवलेला," लॉर्न म्हणाला. टोपी काढून त्यानं हातात घेतली. "माझ्यासाठी ठेवलाय. ही वाट मीच पाडली, चाळीस वर्षांपूर्वी. माझ्या बायकोचे, बर्नडीनचे, गुडघे गेले होते, वळणं तिला झेपायची नाहीत. मग मी तिला सरळ त्या झाडाखाली न्यायचो. डबा खायचो तिथे. आम्ही दोघंच होतो. मग लोकांना आमची पावलं दिसली." त्यानं टोपीची कड चाचपली. "ती गेल्यावर मी कधीमधी जातो. डोळे कमी झालेत, खूण नसली तर मलाच सापडत नाही."

नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर थर्मासमधली कॉफी प्यायले, आणि हे मला माहीत नव्हतं.

ट्रूडीचा आवाज एकदम मऊ झाला. "दगड सोडला तर मला काहीच दिसलं नव्हतं, लॉर्न. वाट मिटली म्हणून मी लिहिते. आणि दगड राहू दे. तुम्ही एकटे जात असाल, तर मी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस ना? मग दुसराही पाहील," लॉर्न म्हणाला. "तेव्हाही आम्हाला असंच वाटलं होतं, दोघांनी काय होतंय."

तो गुडघ्यावर बसला. बसायला त्याला वेळ लागला. मी हात पुढे केला, तो त्यानं झटकला. दगड दोन्ही हातांनी उचलून काळी बाजू वर केली, अर्धा पुरला, कडेनं खडी भुरभुरली. मग उठून, फांदीनं पुसत, पाठमोरा मोठ्या रस्त्यावर आला.

तिथून त्यानं डोळे बारीक करून उताराकडे पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खालच्या रानात पालो वर्देची शंभर झाडं होती, सगळी सारखीच हिरवी.

"ऑफेलिया," तो म्हणाला, "आमचं झाड कुठलं गं?"

मला माहीत होतं. मी बोट वर केलं, आणि मग खाली घेतलं.

"मलाही दिसत नाही," मी म्हटलं.

"छान," लॉर्न म्हणाला, आणि त्यानं टोपी घातली. "मग काम चांगलं झालंय."