हातोडा मारा, काच न्या

टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, काही खपेना, तेव्हा माझ्या मेव्हण्याने दुकानापुढे एक काच उभी केली आणि पाटी लावली, "हातोड्याने फोडा, फुकट न्या." उरलंसुरलं भांडवल त्याने या जाहिरातीत घातलं होतं. काच फुटली की धंदा बसला, एवढं सरळ गणित.

चांगले पैलवान घाम गाळून गेले, काच ढिम्म. मग समोरचा काचवाला आला. तो धंद्यातला माणूस, त्याने मधे मारलंच नाही. कडेला नेमका घाव घातला आणि अख्खी काच साखरेसारखी खाली सांडली.

"काय दाजी, लावता ना कुलूप?" तो मला म्हणाला.

मेव्हण्याने डोकं हाणून त्याचं नाकच फोडलं. त्याने मेव्हण्याच्या पोटात गुडघा घातला. सोडवायला गेलो तर माझाच दात पडला, राव. गुरासारखे झोंबत दोघे आमच्या दर्शनी काचेतून आत कोसळले. ती साधी काच, खर्च वाचवायला बसवलेली. तिचे सुऱ्यांसारखे तुकडे झाले आणि मेव्हण्याचा दंड हाडापर्यंत चिरला.

मी फडक्याने दंड आवळत होतो, रक्त थांबत नव्हतं. तेवढ्यात बघ्यांतल्या एका पाळणाघरवाल्या बाईंनी बाहेरचा चुरा ओंजळीत घेतला, तळहात निरखले. साधा ओरखडाही नव्हता. मग त्यांनी आतला रक्ताचा सडा पाहिला.

"मला बाहेरची काच पाहिजे," त्या म्हणाल्या, "सगळ्या खिडक्यांना."

मेव्हणा विव्हळत उठून बसला. "दाजी, दवाखाना नंतर. आधी अ‍ॅडव्हान्स घ्या!"